'आणुनि' की 'आणुनी'?

पत्र

मावशी, सा. न. वि. वि.

मी राजापूर तालुक्यातल्या एका वाडीतून रोज एसटीने कॉलेजला जाते. बी.ए.चं शेवटचं वर्ष, विषय मराठी. पेपरला केशवसुत आणि बालकवी आहेत, प्रकल्पासाठी मी आरती प्रभू घेतले आहेत. आमच्या कॉलेजच्या वाचनालयातलं कवितेचं कपाट बहुतेक वेळा कुलपातच असतं. म्हणून फोनवर शोधते, तर त्याच चार कविता दहा ठिकाणी दिसतात आणि दहाही ठिकाणी शब्द थोडे थोडे वेगळे. सर म्हणतात, नेटवरचं काही संदर्भ म्हणून चालणार नाही. मैत्रीण म्हणते, एआयला विचार, एका मिनिटात रसग्रहण लिहून देतो. घरात रेंज नाही, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, चढलं की मिळते. कवितेच्या अभ्यासाला नेटवर खरोखर उपयोगी पडेल असं काय आहे? आणखी एक. बाबा विचारतायत, आंब्याचे पैसे हातात आले की लॅपटॉप घ्यायचा का?

– सड्यावरची

उत्तर

गो बाय, अनेक आशीर्वाद.

तुझे सर अर्धे बरोबर आहेत. कुठून आलं ते कळत नाही, असं नेटवरचं लिखाण संदर्भाला चालत नाही. पण जुन्या छापील पुस्तकाचे पानापानाचे फोटो फोनवर उघडलेस तर ते पुस्तकच झालं की. पुस्तकाचं नाव, आवृत्ती, प्रकाशक, साल, पान क्रमांक आणि तो स्कॅन कुठे पाहिलास, एवढं तळटिपेत लिही आणि सरांपुढे ठेव. मी बत्तीस वर्षं ग्रंथपाल होते. असा संदर्भ नाकारणारा प्राध्यापक मला तरी भेटला नाही.

दहा ठिकाणी शब्द वेगळे दिसतात ही तुझी तक्रार मात्र मला फार आवडली. बहुतेक मुलं पहिलं सापडेल ते उतरवून घेतात, त्यांना फरक दिसतच नाही. तुला दिसला. अभ्यास तिथूनच सुरू कर.

उदाहरणाला केशवसुतांची 'तुतारी'च घेऊ. त्यांचं गाव मालगुंड तुमच्यापासून फार लांब नाही आणि कविता तुझ्या पेपरला आहे. पहिली ओळ कुठे 'एक तुतारी द्या मज आणुनि' अशी दिसते, कुठे 'आणुनी', आणि घाईत टाईप केलेली असली तर चक्क 'आणून'. खरं कुठलं? पुस्तक हाताशी नसलं तरी बोटं हाताशी आहेत. मात्रा मोज. ह्रस्वाची एक, दीर्घाची दोन. 'एक तुतारी' म्हणजे दोन, एक, एक, दोन, दोन. झाल्या आठ. 'द्या मज आणुनि' म्हणजे दोन, एक, एक, दोन, एक, एक. पुन्हा आठ. आता 'आणुनी' म्हणून बघ, नऊ होतात. 'आणून' म्हटलंस तरी नऊच. पुढच्या ओळीत 'फुंकिन मी जी' आहे, तिथेही आठ भरतात आणि कोणी 'फुंकीन' केलं की नऊ होतात. शिवाय कडव्याच्या शेवटी 'मजलागुनि' येतं, त्याच्याशी यमक जुळायचं तर 'आणुनि'च हवं. म्हणजे वर्गणी न भरता, रेंज नसताना, गडग्यावर बसून तू दहातल्या सात जागा बाद करू शकतेस.

ही चूक कोणी मुद्दाम करत नाही. शेवटची वेलांटी दीर्घ काढायची, असं आपल्याला शाळेपासून शिकवलेलं असतं. हात आपोआप तसा वळतो आणि फोनचा कळफलकही तसंच सुचवतो. पण साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतच लिहिलंय की वृत्तासाठी ह्रस्व-दीर्घ बदलायचं स्वातंत्र्य कवीला आहे. याच नियमांत आणखी एक गंमत आहे. केशवसुतांच्या आधीचं पद्य मुळात असेल तसं छापायचं, आणि केशवसुतांपासून पुढचं नव्या नियमांप्रमाणे. मालगुंडचा माणूस बरोबर कुंपणावर उभा आहे! त्यामुळे त्यांच्या कवितेतले जुने अनुस्वार नव्या आवृत्तीत गळलेले दिसले तर ती चूक नव्हे. 'आणुनि'ची 'आणुनी' झाली तर मात्र चूक.

प्रत्येक वेळी मात्रा निकाल देतीलच असं नाही. बालकवींची 'फुलराणी' काढ. 'हरित तृणाच्या' आणि 'हरित तृणांच्या' अशी दोन्ही रूपं तुला दिसतील. मात्रा दोन्हीकडे आठच, कारण 'णा' काय आणि 'णां' काय, दोन्ही दीर्घ. इथे छापील पान बघण्यावाचून इलाज नाही. बघायच्या आधी स्वतःला विचार की गवताचा सबंध एक गालिचा डोळ्यांपुढे येतो की पाती सुटी सुटी दिसतात. रसग्रहण रसग्रहण म्हणतात ते हेच. बाकी 'कवीने निसर्गाचे मनोहारी चित्रण केले आहे' हे गाईडातलं वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या उत्तरपत्रिकांत पाहिलंय की आता ते वाचलं की मला झोप येते.

आता छापील पान फोनवर कुठे बघायचं ते सांगते.

आधी मराठी विकिस्रोत. विकिपीडियाचंच भावंड, पण इथे लेख नसतात, मूळ पुस्तकं असतात. पुस्तक उघडून एखाद्या पानावर गेलीस की एका बाजूला छापील पानाचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला टाईप केलेला मजकूर असतो. पानाला रंग असतो, तो बघायला विसरू नको. लाल म्हणजे अजून कोणी तपासलेलं नाही, पिवळं म्हणजे एकाने तपासलंय, हिरवं म्हणजे दुसऱ्यानेही तपासून शिक्का मारलाय. लाल पानावरून काही उतरवायचं नाही. तिथे एखादी चूक सापडली तर तुला स्वतःला दुरुस्त करता येते, आणि या कामाला पदवी लागत नाही.

दुसरं इंटरनेट आर्काइव्ह. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या जुन्या सरकारी प्रकल्पात स्कॅन झालेली ढीगभर मराठी पुस्तकं तिथे आहेत. अडचण अशी की नावं रोमन लिपीत आणि वाटेल तशी लिहिलेली आहेत. देवनागरीत शोधलंस तर हाती काही लागणार नाही आणि पुस्तक नाहीच असं वाटेल. 'केशवसुत' रोमनमध्ये चार तऱ्हांनी लिहून बघ. 'श' ला एकदा एस आणि एकदा एस-एच, 'व' ला एकदा व्ही आणि एकदा डब्ल्यू. कवीचं टोपणनाव, खरं नाव, नुसतं आडनाव, पुस्तकाच्या नावातला एकच शब्द, सगळं टाकून बघ. पुस्तक उघडलं की पहिलं काम म्हणजे मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर जाऊन साल आणि आवृत्ती टिपून घेणं. दुसरं काम, पानांचे क्रमांक सलग आहेत का ते चाळणं. मधली आठ पानं गायब असलेले स्कॅन मी पाहिले आहेत.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर मंडळाची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, आणि राज्य मराठी विकास संस्थेकडेही दुर्मीळ ग्रंथ आहेत. यातली बरीच पुस्तकं म्हणजे नुसते फोटोच असतात, त्यामुळे आत शब्द टाकून शोधता येत नाही. सरळ अनुक्रमणिकेवर जायचं. कधी अक्षरं उचलून वहीत चिकटवलीस आणि भलतीच चिन्हं उमटली तर फोन बिघडला असं समजू नको. ते पुस्तक युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेलं असतं, एवढंच.

शोधताना आणखी एक लक्षात ठेव. जुनं मराठी जुन्याच लेखनाने शोधायचं. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या छपाईत 'कांहीं', 'नांव', 'आम्हीं' असं असायचं. मूळ पुस्तकाबरहुकूम टाईप केलेल्या मजकुरात तू 'काही' शोधलंस तर हाती शून्य. माझ्याकडे एक मुलगा यायचा, एकच ओळ तीन दिवस शोधत होता. एक टिंब दिलं आणि सापडली.

कवीची माहिती हवी तर विकिपीडियाच्या आधी मराठी विश्वकोश उघड. टोपणनावाने नोंद मिळाली नाही तर आडनावाने शोध. बालकवींना ठोंबरे म्हणून, आरती प्रभूंना खानोलकर म्हणून. नोंदी तज्ज्ञांनी लिहिलेल्या आणि शेवटी संदर्भ दिलेल्या आहेत. मात्र विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा आहे, त्यामुळे त्या मूळ नोंदींत पुढच्या पन्नास वर्षांतली समीक्षा शोधू नको. त्यासाठी विश्वकोशाच्या ज्ञानमंडळांच्या नव्या नोंदी आहेत.

शब्दांसाठी शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियाई भाषांचे कोश ऑनलाईन ठेवले आहेत. त्यात मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आहे, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, आणि ज्ञानेश्वरीपर्यंत मागे जायचं झालं तर तुळपुळे-फेल्डहाउसांचा जुन्या मराठीचा कोशही आहे. मला विचारशील तर कवितेच्या विद्यार्थ्याला हे एकच ठिकाण दिलं तरी वर्ष निघेल. दाते-कर्व्यांत आपल्याकडचे शब्द प्रांताची खूण करून दिलेले आहेत. 'गडगा' बघ, 'पाणंद' बघ, 'पागोळी' बघ. पुण्यातल्या मुलांना जे शब्द कोशात शोधावे लागतात ते तुझ्या मागीलदारी आहेत. आरती प्रभू वाचताना हा फायदा तुझ्याएवढा फार थोड्यांना मिळतो.

आणि आरती प्रभूंपाशीच नेट संपतं. आपल्या कायद्याप्रमाणे लेखक गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. केशवसुत १९०५ साली गेले, बालकवी १९१८ साली, त्यामुळे त्यांच्या कविता केव्हाच सगळ्यांच्या झाल्या. मर्ढेकर १९५६ साली गेले, तेही २०१७ च्या पहिल्या दिवसापासून मोकळे झाले. खानोलकर गेले १९७६ साली, म्हणजे २०३६ संपेपर्यंत त्यांच्या कवितांवर हक्क आहेत. म्हणून तर तुला त्याच चार कविता दिसतात, आणि त्याही कोणीतरी आठवणीतून टाईप केलेल्या. कुठे चोरून टाकलेली प्रत मिळालीच तर ती नको घेऊस. कायद्याचं सोड, पण तिच्यात पानं गळलेली असतात आणि संदर्भ म्हणून ती कुठल्या तोंडाने देणार?

'जोगवा', 'दिवेलागण' आणि 'नक्षत्रांचे देणे' हे तिन्ही संग्रह तुला कागदावरच वाचावे लागतील. कॉलेजचं कपाट उघडत नसेल तर विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज दे, तोंडी नको. पुढे राजापूरच्या वाचनालयात विचार. तिथेही नसतील तर एक दिवस रत्नागिरीची एसटी धर. तिथलं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. जायच्या आधी फोन करून पुस्तक जागेवर आहे ना ते विचारून घे, नाहीतर हेलपाटा पडायचा. आम्हा ग्रंथपालांना असे फोन आलेले आवडतात, उगाच संकोच करू नको.

त्यांच्यावर लिहिलेलं मात्र नेटवर मिळेल. शोधगंगा या ठिकाणी देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध आहेत, मराठीतलेही भरपूर. अख्खा प्रबंध उतरवून घेऊ नको, प्रकरणं सुटी ठेवलेली असतात, हवं तेवढंच घे. आधी कुठलं? शेवटचं. संदर्भसूची. तुझ्या कवीवर कोणी, कुठल्या मासिकात, कुठल्या साली लिहिलं याची आयती यादी तिथे मिळते. प्रबंधांचा दर्जा सारखा नसतो हे सांगून ठेवते. काहींत पहिली शंभर पानं कवीच्या जन्मगावाचा भूगोल असतो. पुढे एम.ए.चा विचार असेल तर मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणाची मराठीची पाठ्यपुस्तिका पीडीएफमध्ये मिळते. चाळायला बरी, उतरवायला नव्हे.

गाण्यांचं काय, असं तू विचारलं नाहीस, पण आरती प्रभू म्हटल्यावर ते येणारच. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर गीतकार, संगीतकार, गायक अशा नोंदींसह शब्द मिळतात आणि काम मेहनतीने केलेलं आहे. तरी गाण्याचे शब्द म्हणजे कविता असं धरून चालू नको. गाताना कडवी वगळली जातात, ओळी फिरून येतात. संग्रहातली कविता शेजारी ठेवून काय गाळलं ते बघ, तुझ्या प्रकल्पाचं एक प्रकरण तिथेच निघेल. विंदा, बापट, पाडगावकर यांनी स्वतः वाचलेल्या कविताही ऐकायला मिळतात. विंदा देवगड तालुक्यातले, पाडगावकर वेंगुर्ल्याचे. कवी कुठे थांबतो, कुठला शब्द नुसता टेकून पुढे जातो, हे कुठल्याही टीपेत लिहिलेलं नसतं.

आता मैत्रिणीचा सल्ला. मी वापरून बघितलं बरं का, म्हातारीला कळत नाही असं समजू नको. वृत्त म्हणजे काय, सुनीत म्हणजे काय, असल्या प्रश्नांची उत्तरं ठीक मिळाली. मग मी एका कवीची एक कविता मागितली. आठ ओळी आल्या, खाली नाव त्यांचंच, आणि त्यातली एकही त्यांची नाही. गुळगुळीत, साखरपाण्यातल्या. मी चुकीचं आहे म्हटलं तर माफी मागून दुसऱ्या आठ दिल्या, त्याही खोट्या. म्हणून कवितेची ओळ, सालं आणि कोण काय म्हणालं या तीन गोष्टी तिथून कधीही घ्यायच्या नाहीत.

आणि यंत्रालाच कशाला नावं ठेवू? एका वर्षी मराठी भाषा दिनाला एका गावच्या वाचनालयात मी भाषण केलं आणि शेवटी फोनवर आलेली कुसुमाग्रजांची म्हणून एक कविता वाचली. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी एक निवृत्त गुरुजी जवळ आले आणि हळूच म्हणाले, 'बाई, कुठल्या संग्रहातली हो?' रात्री घरी सगळे संग्रह काढले. कुठेच नव्हती. बत्तीस वर्षांची ग्रंथपाल! तेव्हापासून कोणी कविता पाठवली की मी आधी गुरुजींचा प्रश्न विचारते. नातेवाईक आता मला कविता पाठवत नाहीत.

रेंजचं असं कर. सड्यावर जाऊन वाचत बसू नको, तिथे फक्त उतरवून घ्यायचं. काय काय हवंय त्याची यादी घरी बसून वहीत कर, वर जाऊन एकामागून एक उतरव, वाचायचं ते खाली येऊन. स्कॅन जड असतात, त्यामुळे पावसाळ्याआधीच मोठी पुस्तकं फोनमध्ये भरून ठेव. जूनमध्ये एकदा वारा सुटला की लाईट आणि टॉवर बरोबरच जातात. फाईलला डाऊनलोड झालेलं नाव तसंच ठेवू नको, कवी-पुस्तक-साल असं नाव दे. आकड्यांच्या नावाच्या चाळीस फायलींत 'फुलराणी' शोधत बसायचं म्हणजे दिवस गेला.

लॅपटॉपबद्दल बाबांना सांग, यंदा नको. पदवीपुरता फोन चालतो. एम.ए.ला गेलीस आणि प्रबंधासारखं मोठं लिहायची वेळ आली की घ्या. त्यातल्या थोड्या पैशांत आरती प्रभूंचे संग्रह विकत घे, आणि एक दोनशे पानी वही. डाव्या पानावर छापील पुस्तकातली कविता हाताने उतरव, उजव्या पानावर ती नेटवर कुठे कशी बदलली ते लाल पेनाने लिही. 'तुतारी'पासून सुरुवात कर. पहिल्या ओळीचं काम मी करून दिलंय.